यवनाची दोन टाकी

गेल्या वर्षीची गोष्ट. नववीचा अवांतर वाचनाचा तास होता. आमची शाळा उर्दू माध्यमाची, मुलं घरात दखनी बोलतात, बाजारात मराठी बोलतात, आणि मराठीचं पुस्तक हातात आलं की एकदम गप्प होतात. म्हणून मी आठवड्यातून एक तास कपाटातली जुनी गोष्टींची पुस्तकं वाटून टाकते आणि म्हणते, वाचा, अडलं तर विचारा. त्या दिवशी एका मुलीच्या हाती शिवकाळावरची एक जुनी कादंबरी आली होती. तिनं बोट ठेवून विचारलं, "आपा, ये यवन मतलब कौन?"

मी उत्तर द्यायच्या आत मागच्या बाकावरून एक आवाज आला, "अपुन लोग!"

वर्ग हसला. मीही हसले, कारण त्यानं ते अगदी सहज, चेष्टेत म्हटलं होतं. मग मी फळ्याकडे वळले आणि खडू हातात धरून तशीच उभी राहिले. काय लिहायचं? यवन म्हणजे मुसलमान, असं लिहायचं? शब्दकोशात तोही अर्थ आहेच. मी मुलांना म्हटलं, उद्या सांगते. तो उद्या यायला चार महिने लागले.

घरी आल्यावर भाईजानला फोन केला. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. आम्ही दोघंही मराठी शाळेत शिकलो, मी उर्दू घरी अब्बांकडून आणि नंतर कॉलेजात शिकले. शाळेत दरवर्षी शिवजयंतीला नाटक व्हायचं आणि त्यात दरवर्षी भाईजान यवन सरदार व्हायचा. कापसाला काजळ लावून केलेली दाढी, अम्मीचा हिरवा दुपट्टा कमरेला, पत्र्याची तलवार. तो मरायचाही फार छान. धाडकन पडायचा, पाय झाडायचा, टाळ्या पडायच्या. घरी आम्ही त्याच्याकडून ते मरण पुन्हा करून घ्यायचो. सातवीत असताना त्यानं बाईंना विचारलं की यंदा मला मावळा करा ना. बाई वाईट नव्हत्या. त्या प्रेमानंच म्हणाल्या, "अरे, तुला यवनच शोभतो." त्या वर्षी त्यानं नाटकात काम केलं नाही, ताप आलाय असं सांगितलं. हे त्यानं मला पस्तीस वर्षांनी, त्या दिवशी फोनवर सांगितलं. घरात कुणालाच माहीत नव्हतं.

तेव्हा मी या शब्दाच्या मागे लागले.

उर्दू शिकवणाऱ्या बाईला हे खरं म्हणजे आधीच सुचायला हवं होतं. आमच्याकडे ग्रीसला ग्रीस म्हणत नाहीत, यूनान म्हणतात. हकीमसाहेबांच्या पाटीवर लिहिलेलं असतं, यूनानी दवाखाना. हा यूनान आणि मराठीतला यवन, दोघे एकाच घरातले. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर आयोनिया नावाचा मुलूख होता, तिथं ग्रीक राहायचे. इराणी लोकांचा पहिला संबंध त्यांच्याशी आला, म्हणून इराणी सगळ्याच ग्रीकांना 'यौन' म्हणू लागले. तिकडून अरबी-फारसीत यूनान झालं, इकडे प्राकृतात योन आणि संस्कृतात यवन. अशोकाच्या शिलालेखांत अंतियोक नावाच्या योन राजाचा उल्लेख आहे. विदिशेजवळ बेसनगरला एक दगडी खांब उभा आहे, तो तक्षशिलेहून आलेल्या हेलिओदोर नावाच्या ग्रीक वकिलानं वासुदेवाच्या भक्तीनं उभारला, आणि लेखात तो स्वतःला भागवत म्हणवतो. म्हणजे एका यवनानं कृष्णासाठी गरुडध्वज उभारला, इसवी सनाच्याही आधी.

शब्द एकदा घरातून निघाला की तो कुणाच्या अंगाला चिकटेल सांगता येत नाही. जुनागढच्या रुद्रदामनाच्या लेखात, इ.स. १५० च्या सुमारास, सुदर्शन तलावाची हकीकत आहे. तलाव चंद्रगुप्त मौर्याच्या काळात बांधला, आणि अशोकाच्या वतीनं त्याला पाट काढले ते 'यवनराज तुषास्फ' यानं. तुषास्फ हे नाव ग्रीक नाही, इराणी धाटणीचं आहे. तेव्हाच यवन म्हणजे नुसता ग्रीक राहिला नव्हता, पश्चिमेकडून आलेला कुणीही यवन होत होता. पुढे अरब आले, तुर्क आले, तेही त्याच खुंटीला अडकवले गेले. मात्र खुंटी ती एकच नव्हती. तुरुष्क, ताजिक, म्लेंच्छ, अविंध, तुर्क असे कितीतरी शब्द होते. आमच्या एकनाथ महाराजांनी हिंदू आणि मुसलमान यांचं भांडण लिहिलं तेव्हा त्याला 'हिंदू-तुर्क संवाद' म्हटलं. इतिहासकार ब्रजदुलाल चट्टोपाध्याय यांनी मध्ययुगीन संस्कृत लेखांतल्या अशा शब्दांवर एक अख्खं पुस्तकच लिहिलंय.

यातलं मला सर्वांत आवडलेलं दक्षिणेतलं. तमिळमध्ये यवनचा 'सोनकर' झाला, मल्याळममध्ये 'जोनक'. तिकडचे मुसलमान हे नाव स्वतःच स्वतःला लावतात. श्रीलंकेतल्या तमिळ बोलणाऱ्या मुसलमानांचं तर ते रीतसर नाव आहे. तिथं कुणी कुणाला सोनकर म्हटलं तर मान खाली जात नाही. शब्द तोच. तो कुणी, कुठल्या सुरात उच्चारला, एवढाच फरक.

हे सगळं ठीक. पण हे सांगून मागच्या बाकावरच्या मुलाचं काय समाधान होणार? आयोनिया त्याच्यासाठी नकाशावरचं एक टिंब. मला जवळचं काहीतरी हवं होतं, आणि ते सापडलं ते इतकं जवळ की मला माझीच लाज वाटली. शिवनेरी. लहानपणापासून आम्ही तिथं चार वेळा गेलो असू. जिजाऊ आणि बालशिवबा यांच्या पुतळ्यासमोर आमचा सगळ्या भावंडांचा फोटो आहे. आणि त्याच डोंगराच्या कड्यात एका यवनाचं नाव कोरलेलं आहे, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी या दोघांनी १८८१ साली पश्चिम भारतातल्या लेण्यांमधले लेख ठशांसकट छापले. त्यात जुन्नरचे लेख आहेत. शिवनेरीवरच्या लेण्यांत दोन लेख यवनांचे. एक इरिल नावाच्या यवनाचा. त्यानं पाण्याची दोन टाकी दान दिली. दुसरा चिट नावाच्या यवनाचा. त्यानं संघाला भोजनमंडप दिला, म्हणजे भिक्खूंना बसून जेवायला जागा. दोघंही स्वतःला 'गत' लोकांपैकी म्हणवतात. हे गत कोण यावर विद्वानांनी पुष्कळ डोकं खाजवलंय, कुणी तर त्यांना युरोपातल्या गॉथांपर्यंत नेलं. तिसरा यवन, चंद नावाचा, समोरच्या मानमोडीच्या डोंगरात आहे. त्यानं चैत्याचा दर्शनी भाग दिला. काळ साधारण इसवी सनाचं पहिलं-दुसरं शतक.

लेख अगदी छोटे, एकेका ओळीचे. भाषा प्राकृत. 'देयधम' हा शब्द त्यात येतो, म्हणजे देयधर्म, धर्म म्हणून दिलेलं दान. टाक्याला शब्द आहे 'पोढी'. मी ते ठसे पाहत बसले होते तेव्हा मला आमच्या दादीची आठवण झाली. मोहरममध्ये ती ओसरीवर दोन रांजण मांडायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी पाजायची. सबील म्हणायची ती. कुणी विचारलं की सांगायची, पाणी पाजणं हा सगळ्यात मोठा सदका. इरिल काही मुसलमान नव्हता, हे मला ठाऊक आहे, इस्लाम यायला अजून चार-पाचशे वर्षं होती. तो बौद्ध भिक्खूंना पाणी देत होता. तरी ते दोन रांजण आणि ती दोन टाकी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसली ती बसलीच.

दिवाळीच्या सुट्टीत भाईजान आला होता. त्याला म्हटलं, चल शिवनेरीला. तो म्हणाला, गुडघे बघ माझे. मग म्हणाला, चल.

सकाळी लवकर निघालो, मी, भाईजान आणि माझी अकरा वर्षांची मुलगी. जुन्नर गाव जवळ आलं की डोंगर चारी बाजूंनी दिसायला लागतात आणि नीट पाहिलं तर प्रत्येक डोंगराच्या कमरेला भोकं दिसतात. ती लेणी. शिवनेरी, तुळजा, लेण्याद्री, मानमोडी मिळून दोनशेच्या आसपास खोदकामं आहेत इथं, एका गावाभोवती एवढी दुसरीकडे कुठं नाहीत. लेण्याद्रीचा गणपती अष्टविनायकांपैकी, तोही बौद्ध लेण्यातच बसलाय. एवढी लेणी इथंच का, याचं उत्तर गावाच्या पश्चिमेला नाणेघाटात आहे. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांतून माल घाट चढून वर यायचा आणि जुन्नरवरून पैठणकडे, तेरकडे जायचा. घाटाच्या तोंडाशी सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे, आणि जकातीचा म्हणून दाखवतात तो भलामोठा दगडी रांजण आहे. जिथं रस्ता तिथं व्यापारी, जिथं व्यापारी तिथं परदेशी, आणि जिथं या सगळ्यांचा पैसा तिथं भिक्खूंची लेणी. जुन्नरच्या लेखांत बुरूडकाम करणाऱ्यांच्या, काशाची भांडी करणाऱ्यांच्या, धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणी आहेत. इरिल त्या गर्दीतला एक. दूरदेशीचा, पण इथं रमलेला. परत जाणारा माणूस डोंगरात टाकी कशाला खोदून घेईल?

अर्थात सगळे यवन इथं पाहुणचार झोडत नव्हते. याच काळातला नाशिकच्या पांडवलेण्यातला गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यात ती आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याला शक, यवन आणि पल्हव यांचा नाश करणारा म्हणते. आईनं मुलाचं कौतुक केलंय, आणि राजाची आई आहे, थोडं जास्तच केलं असेल. पण म्हणजे एकाच मुलखात, एकाच लिपीत, एका लेण्यात यवनांना मारल्याचा अभिमान आणि दुसऱ्या लेण्यात यवनानं दिलेलं पाणी. कार्ल्याच्या चैत्यात तर खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांची नावं आहेत, खांब त्यांनी दिले म्हणून. मला वाटतं, हे दोन्ही खरं होतं. लढाई राजांची चालायची आणि टाकी, खांब हे माणसांचे उद्योग चालायचे. आमची पाठ्यपुस्तकं लढायांपाशीच संपतात ही गोष्ट वेगळी.

गडाच्या वाटेवर सात दरवाजे लागतात. त्यातल्या एकाचं नाव पीर दरवाजा. मुलीनं विचारलं, पीर कुठले? मला सांगता आलं नाही. हत्ती दरवाजाची दारं पाहून ती खूश झाली. पाचवा दरवाजा ओलांडला की मुख्य वाट सोडून उजवीकडे शिवाई देवीचं देऊळ आहे. याच देवीवरून शिवाजी हे नाव ठेवलं असं सांगतात. हे देऊळ म्हणजेही मुळात एक लेणं, आणि त्याच्या मागच्या कड्यात आणखी काही गुहा. आमचं काम इथं होतं.

मी ब्राह्मी लिपीतली तीनच अक्षरं पाठ करून आले होते. य म्हणजे नांगरासारखं, जहाजाच्या हं, शेतीच्या नव्हे. व म्हणजे गोल आणि त्याच्या डोक्यावर उभी रेघ. न म्हणजे आडव्या रेघेवर एक उभी रेघ. मुलीला कागदावर काढून दिली होती. ती भिंतीला नाक लावून शोधत होती. देवळापाशी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "काय हरवलंय?" मी म्हटलं, "अक्षरं शोधतोय, बाबा." ते म्हणाले, "ती काय, पुष्कळ हैत डोंगरात. समदीकडं नका जाऊ पण, वाट निसरडी हाय. पडलं म्हंजी मग अक्षरच शिल्लक ऱ्हाईल." भाईजान मोठ्यानं हसला. मग त्यांनी विचारलं कुठलं अक्षर पाहिजे. भाईजाननं सांगितलं, "यवनाचं." बाबांनी त्याच्याकडे, माझ्या स्कार्फकडे पाहिलं आणि जरा थांबून म्हणाले, "कुनाचं का असंना. टाक्यातलं पानी पिऊन मोठं झालो आमी."

स्पष्टच सांगते, इरिलचा लेख मला दिसला नाही. कड्यातल्या साठेक लेण्यांपैकी कितीतरी ठिकाणी पोचायला वाट नाही, आणि मुलगी बरोबर असताना मला तसं धाडस करायचं नव्हतं. ज्या दोन-तीन गुहांत गेलो तिथं भिंतींवर अक्षरं होती, पण त्यातली बरीचशी अलीकडच्या प्रेमिकांची. बदामात बाण. पुरातत्त्व खात्याचा फलक शेजारीच. एका ठिकाणी मुलगी ओरडली, "अम्मी, न!" खरोखर आडव्या रेघेवर उभी रेघ होती. ते अक्षर होतं की छिन्नीची खूण, देव जाणे. तिच्यासाठी तो न होता. एका टाक्यात मात्र पाणी होतं, काळं, गार, शेवाळलेलं. भाईजान कडेला बसला आणि त्यानं हात बुडवला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मीही विचारलं नाही.

तिथून वर गेलो. या गडाचं कसं आहे, जितकं वर जावं तितका काळ पुढे सरकतो. खाली सातवाहन, मग यादव, मग बहमनी. जुन्नरचा सुभेदार मलिक अहमद १४९० साली बहमन्यांपासून वेगळा झाला आणि निजामशाही सुरू झाली. अहमदनगर त्यानं नंतर, १४९४ साली वसवलं. म्हणजे निजामशाहीचा जन्म जुन्नरातला, आणि तिला धक्का देऊन जे उभं राहिलं त्या स्वराज्याच्या राजाचा जन्मही इथलाच. हा मलिक अहमद स्वतः कोण? त्याचा बाप मूळचा ब्राह्मण, लढाईत पकडला गेलेला आणि मुसलमान झालेला. आणि १५९५ साली शिवनेरी मालोजी भोसल्यांकडे आला. मालोजींना मूल नव्हतं, अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला, मग दोन मुलगे झाले आणि त्यांची नावं ठेवली शहाजी आणि शरीफजी, असं सांगतात. शहाजीराजे हे नाव मराठी माणूस इतक्या वेळा घेतो, पण त्यात एक पीर बसलाय हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. १६३० साली शिवाजी महाराज जन्मले तेव्हा गड निजामशाहीचाच होता. चहूकडे दुष्काळ आणि धामधूम होती, आणि शहाजीराजांनी जिजाऊंना सुरक्षित म्हणून इथं ठेवलं होतं.

अंबरखान्यापुढे वाट फुटते. एक वाट टेकाडावर ईदगाह आणि कोळी चौथऱ्याकडे जाते. तिथं जाताना माझे पाय जड झाले, चढामुळे नाही. १६५० च्या सुमारास इथल्या महादेव कोळ्यांनी मोगलांविरुद्ध बंड केलं, ते मोडून काढलं गेलं आणि कैद केलेल्या कोळ्यांना या चौथऱ्यावर मारलं असं सांगितलं जातं. जवळच ईदगाह आहे आणि एक घुमट. मुलीनं विचारलं, "मारणारे आपले होते का?" नववीच्या वर्गातला तोच प्रश्न, दुसऱ्या तोंडून. मी तिला म्हटलं, मोगल बादशहाचे होते. ती म्हणाली, "पण मुसलमान होते ना?" हो, होते. त्यांच्यात राजपूतही असतील, मराठेही असतील, पण हुकूम मुसलमान बादशहाचा होता, आणि हे लपवून मला तिला इरिलची गोष्ट सांगायची नाही. मेले ते इथलेच डोंगरातले लोक होते, आजही या खोऱ्यांत त्यांचीच वस्ती आहे. आम्ही तिथं उभ्यानंच दुआ मागितली. कुणासाठी, हे तिनं विचारलं नाही. मी सांगितलंही नाही.

दुसरी वाट शिवजन्मस्थानाकडे. वाटेत गंगा-जमुना टाकी लागतात, उन्हाळ्यातही पाणी असलेली. आणि मग कमानी मशीद. दोन मिनार आणि त्यांना जोडणारी एक नाजूक कमान. लांबून पाहिलं तर कुणीतरी आभाळाला चौकट लावल्यासारखं वाटतं. आम्ही लहानपणी जन्मस्थानाकडे पळत जायचो, ही मशीद कधी दिसलीच नाही. म्हणजे डोळ्यांना दिसली असेल. खाली टाकं आहेच. या गडावर ज्यानं ज्यानं काही बांधलं त्यानं आधी पाणी पाहिलं, पाण्याखेरीज इथं माणूस राहूच शकत नाही. बौद्ध भिक्खू असोत, निजामशाही किल्लेदार असोत, जिजाऊ असोत, सगळे टाक्यांच्याच पाण्यावर राहिले. इरिलच्या दोन टाक्यांचं पाणी पुढे कुणी कुणी प्यालं असेल, याची नोंद कुणाकडे असणार?

आणखी एक गोष्ट जाता जाता. ज्या कागदांवर मोडीतल्या सनदा, पत्रं, हिशेब लिहिले गेले त्यातला पुष्कळसा कागद 'जुन्नरी' नावाचा होता. चिंध्या आणि ताग कुटून तो हातानं करायचे ते जुन्नरचे कागदी, मुसलमान. म्हणजे ज्या बखरींत आम्ही यवन झालो त्यांपैकी एखादी आमच्याच कुणी कुटलेल्या कागदावर उतरवलेली असायला काही हरकत नाही.

जन्मस्थानाच्या इमारतीत मुलीनं पाळण्याला हात लावून पाहिला. बाहेर एका मराठी शाळेची सहल आली होती, सगळे घोषणा देत होते. माझी मुलगीही त्यांच्यात मिसळून ओरडली. भाईजान बदामी तलावाच्या काठावर गुडघे चोळत बसला होता. २०२५ साली युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात शिवनेरी आहे, हे त्याला सांगितलं तर म्हणाला, "त्यांनी टाकी मोजली का?" खाली उतरताना तो एकदम म्हणाला, "त्या नाटकात मला एक वाक्य होतं. 'या अल्ला, दगा!' एवढंच. दर वर्षी तेवढंच." मग म्हणाला, "पाणी फार गार होतं गं."

सुट्टी संपल्यावर वर्गात मी फळ्यावर ती तीन अक्षरं काढली. नांगर, गोल-रेघ, आडवी-उभी. सांगितलं की हे य-व-न. इरिलची गोष्ट सांगितली, चिटची सांगितली, सातकर्णीच्या आईची सांगितली आणि कोळी चौथऱ्याचीही. हकीमसाहेबांच्या पाटीची सांगितली तेव्हा मुलं खूप हसली, कारण तो दवाखाना आमच्याच गल्लीत आहे. यवन म्हणजे कोण, याचं एका ओळीत उत्तर मी वहीत लिहून दिलं नाही. हुशार मुलींना ते आवडलं नाही, परीक्षेत आलं तर काय लिहायचं असं त्यांनी विचारलं. मागच्या बाकावरच्या त्या मुलानं काही विचारलं नाही. त्याला फक्त बाकीची अक्षरं हवी होती. मी ब्राह्मीचा तक्ता छापून आणून भिंतीला लावला.

आठवड्यानं त्याच्या बाकावर एक ओळ सापडली. ब्राह्मीत स्वतःचं नाव लिहिलं होतं, अक्षरं थोडी तिरकी पण बरोबर. शाळेच्या बाकावर लिहिल्याबद्दल मी त्याला रागावले आणि ओलं फडकं देऊन पुसायला लावलं. ते पुसलं गेलं नाही. त्यानं कंपासच्या टोकानं कोरलं होतं.